छताच्या फोटोंना किती जीबी?

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळी गारठा, दहानंतर स्वच्छ ऊन.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत किस्से मुद्दाम घडवावे लागत नाहीत. संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर चार जण टेकले, की आठवडाभराचा माल आपोआप जमतो. या वेळचा सगळा माल एकाच प्रश्नाभोवती जमला. दुसऱ्या मजल्यावरच्या वाघमारेंनी नवा फोन एकशे अठ्ठावीस जीबीचा घ्यावा, की दोनशे छप्पन्नचा?

*

वाघमारे ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या डोक्यावर जोगांचा फ्लॅट. जोगांचं बाथरूम वाघमारेंच्या मागच्या खोलीत गळतं. वाघमारे रोज सकाळी चहाच्या आधी छताचा फोटो काढतात. डाग किती वाढला ते कळावं म्हणून वहिनी घडीच्या शिडीवर चढून डागाला फूटपट्टी लावतात. एकदा त्यांनी वरूनच विचारलं, "कोर्टातही पट्टी मीच धरायची का?"

फोन भरला तो असा.

*

वाघमारेंची मुलगी प्रज्ञा वाघोलीला असते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची आहे आणि घरात रिकामी खोली एकच, तीच ओली. खोली कोरडी झाली नाही तर सासूबाईंकडेच थांबेन, तान्ह्या बाळाला त्या कुबट वासात ठेवणार नाही, असं तिने स्पष्ट कळवलं आहे. वहिनींना तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

मागच्या आठवड्यात प्रज्ञाने सोनोग्राफीचा व्हिडिओ पाठवला. तो उघडेना, फोनमध्ये जागाच नव्हती. थोडे छताचे फोटो उडवा, असं ती म्हणाली. वाघमारे म्हणाले, "पुरावा खोडता येत नाही."

"मग बाळ बघू नका, बाबा."

त्याच संध्याकाळी नवा फोन घ्यायचं ठरलं.

*

दुकानातल्या सेल्सगर्लने विचारलं, फोटो जास्त कशाचे काढता, नातवंडांचे का?

"नाही. छताचे."

आणि व्हिडिओ?

"ठिबकतं तेव्हा."

तिने दुकानातलं सगळ्यात महागडं मॉडेल पुढे ठेवलं. वाघमारे विचार करून सांगतो म्हणून परत आले.

*

बाकावरच्या साने बाईंचं मत पाचशे बाराचं पडलं. त्यांच्या मिस्टरांकडे तोच आहे. त्यात एवढं काय साठवलंय, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "लोकांचे सुप्रभात."

मी सुचवलं की फोटो क्लाउडवर ठेवा, म्हणजे लहान फोनही चालेल. वाघमारेंनी मान हलवली. वरच्या मजल्याचा अनुभव घेतल्यावर आणखी वर काही ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

*

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. वाघमारेंनी जुन्या फोनवर सगळे फोटो क्रमाने दाखवले. जोगांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिले.

"डाग तुमच्या छताला आहे," ते म्हणाले. "माझी फरशी कोरडी आहे." फोटो मात्र स्वच्छ आलेत, असंही त्यांनी सांगितलं. मीटिंग तिथेच संपली.

*

गुरुवारी संध्याकाळी वाघमारे जिना चढून जोगांकडे गेले. साक्षीदार हवा म्हणून मला सोबत घेतलं. जोगांनी दार अर्धंच उघडलं. वाघमारेंनी भांडण काढलं नाही. फोनचं कसं अडलंय ते सांगितलं, प्रज्ञाचं सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, "जोगसाहेब, आपली गळती अजून किती वर्षं चालणार, तेवढं फक्त सांगा. त्या हिशेबाने फोन घेतो."

जोगांनी एवढंच विचारलं,

"मुलीला कितवा?"

"आठवा."

जोगांनी दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी जोगांच्या बाथरूमची फरशी फोडायला दोन माणसं आली. आज दुपारी वाघमारेंनी एकशे अठ्ठावीस जीबीचा फोन घेतला.