पुसट झालेला कागद

मोहाडीच्या त्या झेरॉक्सवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी इंग्रजी कवितेतल्या अलंकारांचा एक कागद शाईनं लिहिला होता. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, आणि प्रत्येकाचं एकेक उदाहरण. तो कागद त्याच्याच दुकानात असायचा. वर्गातली पोरं बदलत गेली, कागद मी बदलला नाही. नवीन उदाहरण शोधायचाही कंटाळा यायचा. परीक्षेआधी जायचो आणि म्हणायचो, "तेच द्या, चाळीस."

यंदा गेलो तेव्हा तो काउंटरवर वाकून, जीभ दातांत धरून, माझ्याच कागदावरचं एकेक अक्षर काळ्या पेनानं गिरवत होता.

"तुमाले इंग्रजी येते का जी?" मी विचारलं.

"नाही जी, सर. अक्षरं पुसट होऊन राहिले होते. दरसाल गिरवतो. पोरायले दिसाले पायजे ना."

मी कागद हातात घेतला. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. पर्सॉनिफिकेशनच्या ओळीत मी तेव्हा एक शब्द चुकून लिहिला होता, मग खोडला होता. त्यानं तो शब्दही नीट गिरवला होता, आणि मग माझ्यासारखाच खोडला होता.