चार्जरवरची दस्ती

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी कोणती घेऊ म्हून महिनाभर तुमचं डोकं खाऊन राह्यलो. लहान गाडी स्वस्त, पण दार लावलं की डब्यावानी वाजते. मोठी मजबूत, पण भाव ऐकूनच घाम फुटते. चार्जिंगचं तेवढं पाहाचं राह्यलं होतं. ते आज पाह्यलं.

ताईचे नवरे, आमचे भाऊजी, त्यायच्या लहान गाडीत बसून चार्जिंग स्टेशनवर गेलो. चार्जर एकच, अन् त्याले दुसरी गाडी लागलेली. बसच्या सीटवर जागा धराले रुमाल टाकतो तशी भाऊजीनं खिशातली दस्ती चार्जरवर टाकली, अन् आमी चहाले गेलो.

परत येतो तं दस्ती मातीत, अन् एक मोठ्या गाडीवाला आपली गाडी लावून उभा.

"काऊन बे, दस्ती दिसली नाई?" भाऊजीनं त्याची कॉलर धरली.

"हे काय बस हाये का?" म्हणत त्यानं डिक्कीतून जॅकचा रॉड काढला अन् भाऊजीच्या कपाळावर हाणला. रक्त पाहून माहं टाळकं सरकलं. मी अशी बुक्की घातली का त्याचा दात खाली पडला. लोकायनं ओढून सोडवलं तवा आमचे तिघायचेही शर्ट लाल झाले होते.

टाके घातल्यावर भाऊजीले घरी सोडलं अन् ऑटोनं गाडीपाशी आलो. चार्जर आताच मोकळा झाला होता, पण त्याच्यावर कोणाची तरी नवी दस्ती होती. मी ते उचलून मातीत फेकली अन् आपली गाडी लावली.

आता समोरून दोघं जण चहा पिऊन येऊन राह्यले. कोणती गाडी घेऊ ते तुमी सांगत राहा. मी डिक्की उघडून ठेवली हाये.