मोहाखालचा जोड

“तार नोका म्हणू, गुरुजी. काच हाये थे.” असे म्हणताना आमचा केबलवाला बोटे सदऱ्याला पुसत असे. हातात काही नसले तरी पुसत असे.

कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलातल्या आमच्या गावात फायबरचे इंटरनेट त्यानेच ओढून आणले. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो आणि त्याचे घर शाळेच्या मागेच होते.

वाचकहो, ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. तालुक्याच्या केंद्रातून केसाएवढा काचेचा एकच धागा गावापर्यंत येतो आणि त्यातून उजेड धावतो. वेशीवर एक लहानशी डबी असते. तिला वीज लागत नाही. ती आलेला उजेड घरोघरी नुसता वाटते. प्रत्येक घरी सगळ्यांचेच निरोप पोचतात, आणि घरातले यंत्र त्यांतला आपला तेवढा उचलते.

एकदा शेजारणीने त्या केबलवर लुगडे वाळत घातले.

“बाई, काढा थे. काच वाकली का उजेड सांडते.”

“सांडते त मंग खाली दुधाचा गंज ठेवतो!”

तो पोट धरून हसला, आणि लुगडे स्वतःच काढून कुंपणावर नीट पसरले.

त्या उन्हाळ्यात त्याची बायको चंद्रपूरच्या दवाखान्यात होती. तो आणि तिचा भाऊ तिच्याजवळ असत. लहान मुलांना आत सोडत नसत, म्हणून मुलगी गावात आजीपाशी, त्याच्या मायजवळ, राहिली. नळ्या लावल्यामुळे आईला बोलता येत नव्हते. रोज संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर मायलेकी एकमेकींना नुसत्या पाहत. गावात रेंज नव्हती. ही भेट त्या काचेवरच चाले.

मुलीला भेटायला तो एक दिवस गावी आला, आणि त्याच दुपारी घरातल्या यंत्रावर लाल दिवा लागला. मूळ धागा एकच, त्यामुळे साऱ्या गावात तसाच. आम्ही दोघे केबल पाहत निघालो. चढावर थोडी रेंज मिळताच मेहुण्याचा फोन आला.

“भाऊजी, ताई खुणा करून राह्यली. पोरीले दाखवा म्हणते. लवकर करा.”

पुढच्याच वळणावर बिघाड सापडला. मोहफुले वेचायला जमीन मोकळी हवी, म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्या जाळाने तिथे खाली लोंबलेली केबल वितळली होती. झाड त्याच्याच घरचे. सकाळी काडी लावली होती ती त्याच्या मायने.

तो राखेतच बसला. मी वाऱ्याच्या अंगाने दुपट्टा धरून उभा राहिलो. त्याने दोन्ही टोके स्पिरिटने पुसली, सरळ कापली, जोडयंत्रात समोरासमोर ठेवली. एक ठिणगी, आणि काच काचेत मिसळली.  त्याचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

घरी पोचलो तेव्हा दिवा हिरवा झाला होता. मुलगी वेणी घालून मोबाइलसमोर बसली होती. फोन लागला. पडद्यावर दवाखान्याची भिंत दिसली. मेहुण्याने फोन वळवला नाही.

“मामा, आई कुठी हाये?”

भिंत तशीच राहिली.

सारे विधी आटोपल्यावर मायने त्याला विचारले, “काय झालतं रे त्या केबलले?”

“उंदरानं कुरतडली, माय.” त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

मग तो मुलीला घेऊन चंद्रपूरला गेला. माय गेली नाही. आमच्या केबलकडे आता दुसराच माणूस पाहतो.

यंदा मोह गळू लागला तेव्हा मी सकाळी त्या वळणावरून जात होतो. आसपासच्या झाडांखाली धूर होता. म्हातारी आपल्या झाडाखाली ओणवी होऊन खराट्याने पाचोळा लोटत होती.

“बाई, जाळत नाही आता?”

तिने कंबर धरून वर पाहिले.

“उंदीर नव्हता थो, गुरुजी. थो बोलला त्याच दिशी इथं येऊन जोड पाह्यला मी.”

आणि पुन्हा वाकून, खराटा न थांबवता, म्हणाली, “त्याले सांगू नोका. मले मालूम नाई, असंच वाटू द्या त्याले.”