पापडगाडी

माझ्या वडिलांच्या गोठ्यात कलेक्टर आणि तहसीलदार शेजारी-शेजारी बांधलेले असत. दोघेही पांढरेशुभ्र आणि दोघेही मारके. नावं आबांनीच ठेवली होती. (भर बाजारात तहसीलदाराची शेपटी पिरगाळायची आणि वर कुणी गुन्हा दाखल करायचा नाही, हे सुख जानेफळच्या पंचक्रोशीत फक्त आमच्या आबांना होतं.) शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, ही जोडी छकडी घेऊन सुटली की समोरची जोडी भानावर येईपर्यंत आबा अर्धी वाट मागे टाकून पुढे गेलेले असत.

अशा घरात माझ्या थोरल्या भावानं, दादानं, जीप आणली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. लष्करानं मोडीत काढलेली जीप होती ती. चार चाकं, एक इंजिन, पुढे दोन जागा आणि मागे नुसतं आभाळ! मेहकरपर्यंत सवाऱ्या न्यायच्या असा दादाचा बेत होता. सवाऱ्या बसवायला मागे डबा हवा होता, आणि मी नुकताच खामगावहून सहा महिने पत्रेकाम शिकून आलो होतो. खरं तर मी बादल्यांना बूड बसवायला शिकलो होतो. पण घरी ते तसं सांगितलेलं नव्हतं.

मी लाकडी सांगाडा केला, आत दोन बाक ठोकले आणि चारी बाजूंनी पत्रा मढवला. पत्रा असा गुळगुळीत, की त्यात बघून भांग पाडावा. पहिल्या सवारीच्या दिवशी अख्खं गाव जमलं. दादा गाडीवर बसला.

आता दादाच्या गाडी चालवण्याबद्दल सांगायला हवं. क्लच हळूहळू सोडायचा असतो हे त्याला मान्यच नव्हतं. सोडायचा म्हणजे सोडायचा! त्यानं पाय उचलला, जीपनं दावं तुटलेल्या गोऱ्ह्यासारखी उडी मारली आणि मागून ‘ढब्ब’ असा आवाज आला. बघतो तर माझा गुळगुळीत पत्रा दोन्ही बाजूंनी तळलेल्या पापडासारखा फुगला होता. आतल्या एका म्हातारबांचं कोपर त्या फुगवट्यात चिमटलं होतं.

म्हातारबा कोपर चोळत उतरले आणि म्हणाले, “गाडी बरी हाये बाबू, पन चावते.”

त्या दिवसापासून गावानं जीपचं नाव ठेवलं पापडगाडी.

मी हार मानणाऱ्यातला नव्हतो. (अक्कल कमी असली की हा गुण आपोआप येतो.) पत्रा हलतो म्हणून फुगतो, तेव्हा त्याला हलूच द्यायचा नाही, असा मी निष्कर्ष काढला आणि खिळे दुप्पट केले. पत्रा दोन खिळ्यांच्या मधोमध फुगला. मग मी त्या मधोमध रिबिटा मारल्या, तर तो रिबिटांच्या खाली फुगला. शेवटी वरून आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्या आवळल्या. यावेळी पत्रा फुगला नाही. पण सगळा सांगाडाच पिळला गेला, दार अडकलं, आणि मेहकरच्या बाजारात पाच सवाऱ्यांना खिडकीतून ओढून काढावं लागलं. त्यांतली एक दादाची सासू होती.

आबांच्या कानावर हे गेलं. ते गोठ्यातून बाहेर आले आणि म्हणाले, “काऊन बे, बैल कधी फुगते का? बैलाचं दार कधी अडकते का?”

दादा चिडला. “आबा, तुमचे बैल किती पयतेत थे मले म्हाईत हाये. ह्या गाडीची धूळ खातीन थे.”

कलेक्टरचा अपमान आमच्या घरात कुणी केला नव्हता.

“अस्सं?” आबा म्हणाले. “मंग पटाच्या दिवशी तुही गाडी आन् माही जोडी. हारला तं गाडी इकून टाकाची आन् गुपचूप वखर धराचा. हाव?”

“हाव,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता. शेतीत त्याचं मन कधीच नव्हतं. चाकाजवळ बसला की हा माणूस खुलायचा. जीप गेली असती तर तो जन्मभर तहसीलदाराच्या मागे चालत राहिला असता, आणि ते माझ्या पत्र्यामुळे झालं असतं. कारण पत्रा फुगला काय किंवा सांगाडा पिळला काय, डबा मागच्या चाकाला घासायचा आणि सुरुवातीलाच गाडी अडायची. मला त्या काळजीनं जेवण जाईना.

दादा मला हळूच म्हणाला, “वसंता, त्या दिवसापुरता डबा काढून ठिवू का?”

“डबा काढला तं लोक म्हनतीन, पत्रेवाल्यानं हात टेकले,” मी म्हणालो. दादानं पुन्हा तो विषय काढला नाही. भाऊ असावा तर असा.

वाट दाखवली ती माझ्या बायकोनं. कमल पडवीत गोधडी शिवत बसली होती आणि मी शेजारी कपाळाला हात लावून बसलो होतो.

“तुमी पत्र्याले लय आवयून ठिवता,” ती वर न बघता म्हणाली. “हे पाहा. धागा ओढून धरला की कापड गोया होते, चुन्या पडतेत. टाका ढिला सोडावा लागते. मंग गोधडी कशीबी ओढा, तिले काई होत नाई.”

मी ताडकन उठलो. इतके दिवस खामगावच्या विद्येनं जे सुचलं नव्हतं ते पडवीत पडलेलं होतं! गाडी पिळवटणारच, पत्र्याला तिच्याबरोबर सरकायला जागा हवी. कमल मागून म्हणत होती, “अवो, पुरं आयकून तं घ्या...” पण मी तोवर अंगणात पोचलो होतो.

पट्ट्या काढल्या, रिबिटा काढल्या, खिळ्यांच्या जागी बोल्ट घातले. पत्र्याची आणि सांगाडा जीपला जोडणारी सगळी भोकं कानशीनं घासून लांबट केली, म्हणजे बोल्ट त्यात पुढे-मागे सरकेल. मग वाटलं, थोडी आणखी लांब करू. शेवटी सांगाड्याखालची भोकं इतकी लांबली की थेट पुढच्या कडेला जाऊन बाहेर निघाली. भोकं राहिली नाहीत, खाचा झाल्या. नटही मी हातानंच फिरवून ढिले ठेवले. गाडी ढकलून पाहिली, तर पत्रा लोण्यासारखा सरकला. मी खूश!

पटाच्या दिवशी माळावर माणूस मावत नव्हता. एका वाटेवर छकडीवर आबा, पुढे कलेक्टर आणि तहसीलदार. दुसऱ्या वाटेवर पापडगाडी. पत्र्याला सुरकुती पडते की नाही ते डोळ्यांनी बघायचं म्हणून मी मागे डब्यात, बाकावर, पत्र्याला तळवा लावून बसलो.

झेंडी पडली. दादानं क्लच सोडला, म्हणजे सोडलाच. मोठा हिसका बसला, बूड आपटलं, धुरळा असा उठला की मी डोळे मिटून घेतले. पण तळव्याखाली पत्रा गुळगुळीत होता! ‘ढब्ब’ नाही, फुगवटा नाही. गाडी तर इतकी संथ धावत होती की मला तिचा धक्कासुद्धा जाणवत नव्हता. मी मनातल्या मनात खामगावच्या गुरुजींना नमस्कार केला.

डोळे उघडले. खिडकीबाहेर झेंडीवाला उभा होता.

“काऊन हो,” मी विचारलं, “सुटाले येळ हाये का अजून?”

“सुटले नं,” तो म्हणाला. “तुमीच राह्यले.”

मी समोर पाहिलं. लांबवर दोन धुरळे पळत होते. एकात आबा होते. दुसऱ्यात दादा होता, आणि त्याच्या मागे पुन्हा नुसतं आभाळ होतं. मी, दोन बाक आणि चारी बाजूंचा पत्रा माळावर, ज्या जागी उभे होतो त्याच जागी बसलेलो होतो.

बैलांनी सुरुवात चांगली घेतली होती. पण डब्याचं आणि माझं ओझं उतरलेली जीप अर्ध्या वाटेत त्यांच्या बरोबरीला आली आणि शेवटच्या दोरीपाशी कलेक्टरच्या शिंगभर पुढे निघाली. माळावर असा ओरडा झाला की तहसीलदारही दचकला. दादा खाली उतरून नाचायला लागला. डबा नाही हे त्याच्या अजून लक्षातच आलं नव्हतं.

लोकांनी आबांकडे पाहिलं. त्यांनी बैलांच्या पाठीवर थाप मारली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “गाडी जितली. डब्याचं मी काई बोललोच नोतो.” मग दादाला जवळ ओढून म्हणाले, “ठिव बे तुही गाडी.” दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण मी डब्यात असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

कमल गर्दीतून वाट काढत आली. तिनं डब्याच्या पत्र्यावरून हात फिरवला. एकही सुरकुती नव्हती.

“मी टाका ढिला सोडा म्हनलं,” ती म्हणाली. “गाठ मारू नका असं कधी म्हनलं?”

दुसऱ्या दिवशी तिच्या देखरेखीखाली मी पुढचे दोन बोल्ट करकचून आवळले आणि बाकीचे ढिले ठेवले. पुढे कितीतरी वर्षं दादानं तसाच क्लच सोडत मेहकरच्या सवाऱ्या नेल्या आणि पत्रा एकदाही फुगला नाही. गावात मला त्याबद्दल मोठा मान आहे. घरात मात्र अजूनही काही बांधायचं असलं, की दोरी धरायला मला बोलावतात आणि गाठ कमल मारते.