काटेवाल्या ताई आणि त्यांचं रजिस्टर

बाळांची वजनं घ्यायचा काटा खांद्याला लटकवून बाई पंचवीस वर्षं घरोघर फिरताहेत, म्हणून सगळी वस्ती त्यांना काटेवाल्या ताई म्हणते. पेशानं आरोग्यसेविका. स्वभावानं स्पष्टवक्त्या, असा निदान त्यांच्या यजमानांचा अनुभव.

तर या ताईंना विद्यापीठातून बोलावणं आलं. विकसनशील समुदायांसाठी तंत्रज्ञान कसं घडवावं, यावर कार्यशाळा होती. एका संशोधक मुलीनं आरोग्यसेविकांसाठी अ‍ॅप बनवलं होतं. ते पसंत पडलं की एक तारखेपासून सगळ्यांची रजिस्टरं जमा. आणि ताईंचा जीव रजिस्टरात! चारशे घरं होती त्यात.

"तोंडावर नको म्हणून सांगून येते," निघताना त्या म्हणाल्या.

"सांगशील गं," यजमान पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "नाही म्हणण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. तीस वर्षं ऐकतोय."

हॉलच्या दाराबाहेर चपलांचा एकच जोड होता, ताईंचा. बाकी मंडळी बुटांसकट आत. गळ्यात ‘वापरकर्ती’ अशी पाटी अडकवून ताईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं. हॉलमध्ये साठ माणसं होती. एकोणसाठ घडवणारे आणि समुदाय म्हणून एकट्या ताई. पडद्यावर एका बाईचं चित्र आलं, त्याखाली लिहिलं होतं, ‘गरजा तीन, भीती दोन.’

"दोनच?" ताई पुटपुटल्या. "सुखी दिसते."

अ‍ॅपवाली मुलगी मात्र गोड निघाली. मावशी, मावशी करत तिनं पाठीला उशी दिली, स्वतःचा चहा पुढे केला, मोबाइल हातात देऊन अ‍ॅप वापरून पाहायला लावलं. तीन वर्षं ती यावर राबत होती. "आई म्हणते लग्न कर, सर म्हणतात पुन्हा कर," ती हसून म्हणाली, आणि तिथंच ताईंचं अवसान गळालं.

सरांनी माइक पुढे केला. "वापरून पाहिलंत ना? काही अडचण?"

मुलगी शेजारीच उभी.

"छे हो! छान आहे. बटणं तर किती गोल!"

टाळ्या पडल्या. आरोग्य खात्याच्या साहेबांनी वहीत ‘पसंत’ लिहिलं.

मुलगी त्यांना सोडायला दारापर्यंत आली. ताईंनी एक चप्पल घातली, दुसरी घालता घालता थांबल्या, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळ, एक सांगू? तुझ्या त्या अ‍ॅपात पेन्सिल नाही."

"पेन्सिल?"

"घरात शिरले की सासू समोर बसलेली. सुनेला विचारलं, गोळ्या घेतेस का, तर म्हणते घेते. ते मी पेन्सिलीनं लिहिते. मग ती मला सोडायला दारात येते. मी चपला घालत असते, तेव्हा हळूच सांगते, नाही घेत ताई, उलटी होते. ते खोडून पेनानं लिहिते, आणि तिला गोळी बदलून देते. तुझ्यात एकदा ‘पुढे’ दाबलं की मागे जाताच येत नाही. चारशे घरांची सासूसमोरची उत्तरं साहेबांकडे जातील. त्या पोरींनी करायचं काय?"

मुलगी क्षणभर ताईंच्या पायातल्या चपलेकडे बघत राहिली. "आणि मघाशी आत छान आहे म्हणालात, ते?"

"ते पेन्सिलीनं," ताई ओशाळून म्हणाल्या.

मुलीनं त्यांचा हात धरला आणि त्यांना तसंच, एका चपलेवर, हॉलमध्ये आणलं. "साहेब, पसंती खोडा."

"अहो, टाळ्यासुद्धा झाल्या!" साहेब कळवळले.

"टाळ्या राहू द्या, आमची रजिस्टरंही राहू द्या," ताई म्हणाल्या, आणि या वेळी सगळं माइकवर सांगितलं.

सरांनी गंभीरपणे विचारलं, "दारातल्या उत्तराला साधारण किती वेळ लागतो?"

"ते सासूबाईंच्या कानांवर अवलंबून."

सगळ्यांत आधी साहेब हसले. घरी आई आणि बायको दोघी असाव्यात. त्यांनी वहीतलं ‘पसंत’ खोडलं, आणि एक तारखेचा मुहूर्तही.

"तुझं काम वाढवलं गं मी," ताई मुलीला म्हणाल्या.

"वाढवलंत खरं. मग सोमवारी मला बरोबर न्या."

"चल. पण मशीन पिशवीत. शिरल्या शिरल्या बाळ मांडीवर घ्यायचं. ते शू करतं. मग सून कपडे धुवायला तुला आत नेते. तिथं काय ते विचार."

"आणि नाही केली तर?"

"पंचवीस वर्षांत," ताई म्हणाल्या, "एकाही बाळानं मला दगा दिलेला नाही."