अर्धा त्याग

"सोडलं म्हणजे सोडलं!" असं म्हणून काकाजी दोन्ही तळहात झटकायचे, जणू हाताला पीठच लागलं आहे. आमच्या कारंजा गावात त्यांचं कापडाचं दुकान आणि माझं शिलाई मशीन एकाच ओट्यावर. त्यामुळे काकाजींनी काय सोडलं ते त्यांच्या घरच्यांआधी मला कळायचं. दर पर्युषणात, जैनांच्या त्या व्रताच्या दिवसांत, काहीतरी जायचं. एकदा चहा, एकदा पान, एकदा तर टीव्हीवरचं क्रिकेट. तुमच्याही गल्लीत असा एखादा हट्टी माणूस असेलच. मी मुद्दाम त्यांच्यासमोर फुर्र करून चहा प्यायचे. ते हसायचे, पण ढळायचे नाहीत.

काकी गेल्या तेव्हा मात्र कितीतरी महिने शटर वर गेलं नाही. काकाजी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. धाकट्या मुलीने त्यांना अकोल्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू झाली आणि हळूहळू माणूस गल्ल्यावर येऊन बसला. पुढे कित्येक वर्षं ती गोळी चालली.

मग एका पर्युषणात, दहा दिवसांतल्या उत्तम त्याग नावाच्या दिवशी, त्यांनी मनातल्या मनात गोळीच सोडून दिली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही.

आठवडाही झाला नसेल. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होई, चक्कर येई, झोप तर उडालीच. कधी आवाज न चढवणारा माणूस एका गिऱ्हाइकावर खेकसला आणि थरथरत खाली बसला.

"बाई, ते परत आलं," मला म्हणाले. "आता दुकान बंद होते माह्यं."

मी खरंच घाबरले. तिथल्या तिथे मुलीला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांना घेऊन अकोल्याला गेलो.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. "काकाजी, दुखणं परत आलेलं नाही. गोळी एकदम थांबवली म्हणून हा त्रास आहे. चहा सोडतात तशी ही सोडायची नसते. आधी पुन्हा सुरू करू. सगळं स्थिरावलं की मी सांगेन तशी थोडी थोडी कमी करू. अन् नाहीच सुटली, तरी त्यात कमीपणा नाही."

परतीच्या एसटीत काकाजी नाराज होते. "अर्धा त्याग? मंदिरातले महाराज काय म्हणतीन?"

"महाराजांनी देल्ली होती काय गोळी?" मी म्हटलं. मुलगी खिडकीकडे तोंड करून हसली.

गोळी पुन्हा सुरू होऊन त्रास थांबल्यावर डॉक्टर तिची मात्रा जराशी उतरवायचे आणि थांबायचे. एकदा त्रास वाढला तेव्हा त्यांनी ती पुन्हा थोडी वाढवली. काकाजींना मागे जायची भारी लाज.

"ब्लाऊज बिघडला तं मी उसवून पुन्हा शिवतो," मी म्हटलं. "मले लाज वाटते काय?"

वर्ष उलटून गेल्यावर डॉक्टरांनी गोळीचा उरलेला तुकडाही बंद केला. काकाजी ठणठणीत होते. मला त्यांचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

त्याच हिवाळ्यात धाकटीचं लग्न झालं. बिदाईच्या वेळी काकाजींना एकदम हुंदका फुटला. गोळी चालू होती तेव्हा सख्खा भाऊ गेला, तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं; गोळीने जणू रडणंही थांबवलं होतं. रडता रडता त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"बाई, परत तेच तं नाही ना?"

"पोरगी चालली तुमची, काकाजी. सारा मांडव रडून राह्यला. तुमीच कायले घाबरता?"

त्यांनी मांडवावर नजर फिरवली. खरंच सगळे रडत होते, आचारीसुद्धा. मग त्यांनी माझा हात सोडला आणि निवांत, पोटभर रडून घेतलं.