सौंसरच्या कॅप्टनची मोटरबोट

आमच्या सौंसरपासून समुद्र फार लांब आहे, आणि ही गोष्ट बावीस वर्षं माझ्या पथ्यावर पडली.

मी बंदरावर नोकरीला होतो, हे खरं. पण बंदरावर जहाजांशिवाय गोदामंही असतात, गोदामांत कांबळी आणि रबरी बूट असतात, आणि ते मोजायला एक कारकून लागतो, हे गावात कोणाच्या डोक्यात आलं नाही. (मीही घातलं नाही.) सुट्टीवर आलो की लोक म्हणायचे, "कॅप्टनसाहेब आले!" पहिल्या वर्षी मी 'नाही हो, नाही हो' म्हटलं. दुसऱ्या वर्षी नुसता हसलो. तिसऱ्या वर्षी पांढरी टोपी विकत घेतली!

निवृत्त होऊन परत आलो आणि फसलो. सासूबाईंची संत्र्याची बाग लोधीखेड्याच्या बाजूला, धरणाच्या पाण्यापलीकडे आहे. सासरे होते तेव्हा दोघांनी मिळून एकेक कलम लावलेलं. पाण्याला वळसा घालून जायचं तर गाडी इतकी आदळते की सासूबाईंच्या कमरेला ते झेपत नाही. दोन वर्षं त्यांनी बाग पाहिली नव्हती. त्यात पाण्याची त्यांना लहानपणापासून भीती.

"आई, मी नेतो ना तुम्हाला पाण्यातून," मी म्हणालो. हे वाक्य मी गिळलं असतं तर आज ताठ मानेनं बाजारात फिरलो असतो.

आधी मी शिडाची नाव केली. पांढुर्ण्याच्या सुताराकडून लाकूडकाम आणि कापसाच्या गंजीवरची ताडपत्री शीड म्हणून! "वारा फुकट असतो," मी बायकोला, म्हणजे शोभाला, समजावलं. वारा फुकट असतो, पण तो त्याला हवं तिकडे जातो, हे मला त्या नावेत बसल्यावर कळलं. तीन वेळा मी शोभाला तिच्या आईच्या बागेत न्यायला निघालो आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी बागेत उतरवलं. तिसऱ्यांदा तिथल्या बाईंनी आम्हाला लांबून पाहूनच चहा ठेवला होता!

"आता पुरे," शोभा कप खाली ठेवत म्हणाली. "मोटरबोट घ्या नाही तर नाव सोडा. मायले अशी वाऱ्यावर सोडून राहिले का तुम्ही?"

झालं. घरात मोटरबोट निवडायची बैठक बसली. शोभाचा भाऊ प्रकाश शेतकरी माणूस. त्याला संत्र्याचे चाळीस क्रेट मावतील अशी बोट हवी होती. शोभाला वर छत हवं होतं. सासूबाईंचं मागणं एवढंच, की टेकायला पाठ असावी आणि धरायला दांडा असावा. मग सगळे माझ्याकडे वळले.

"जवाईबापू सांगतील थे खरं," सासूबाई म्हणाल्या. "थे समुद्रातले हाये."

समुद्रातल्या माणसानं मान डोलावली.

नागपूरला एका जुन्या बोटींच्या विक्रेत्याकडे आम्ही गेलो. तिथे एक रुंद, सपाट बुडाची, साधीसुधी बोट होती. क्रेट मावले असते, छत होतं, दांडा होता. आणि तिच्या शेजारी दुसरी होती. निमुळती, पांढरीशुभ्र, निळा पट्टा, मागे भलंमोठं इंजिन, आणि पुढे गोल चाक! ते चाक पाहिलं आणि मला माझी टोपी आठवली.

"भाऊजी, याच्यात क्रेट कुठं मावतील?" प्रकाशनं विचारलं.

"बोट क्रेटसाठी नसते, प्रकाश," मी म्हणालो. असं मी खरंच म्हणालो. आजही आठवलं की कान गरम होतात.

विक्रेत्यानं एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत अंगठ्याएवढं पितळेचं काहीतरी होतं. "साहेब, हे सांभाळा. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर समुद्रातले!"

हे काय आहे, एवढं विचारायला तीन सेकंद लागले असते. पण समुद्रातल्या माणसाला विचारता येतं का? "अर्थात," मी म्हणालो, आणि घरी येऊन ती पिशवी कपाटात कुलपाच्या कप्प्यात ठेवली. सांभाळा म्हणाला होता ना!

रविवारी सकाळी धरणावर नारळ फोडला. सासूबाई नवं लुगडं नेसून, कोथिंबीरवडीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. डोळे मिटलेले. शोभा, प्रकाश बसले. मी टोपी घालून चाकापाशी. इंजिन सुरू झालं आणि बोट अशी उसळली की काठावरचे बगळे उडाले!

"पाहा माय, उघड डोळे!" शोभा ओरडली. सासूबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पलीकडे संत्र्याच्या रांगा दिसत होत्या. त्या हसल्या. त्या क्षणी मी खरोखर कॅप्टन होतो. साधारण दीड मिनिट.

मग धरणाच्या उथळ अंगाला बेशरमाची झुडपं होती, त्यात आमच्या इंजिनाचा पंखा अडकला. इंजिन घुरघुरलं आणि गप्प झालं. अशा पाण्यासाठीच ती सपाट बुडाची बोट होती, हे मला कळलं, पण मी ते मनातच ठेवलं.

"जवाईबापू, पाय वले होऊन राहिले," सासूबाई म्हणाल्या.

"थोडं पाणी येतंच, आई. समुद्रात तर याहून जास्त येतं!"

"घोटे बुडले जी."

बोट चालत होती तोवर पाणी मागे ओढलं जात होतं. थांबल्याबरोबर ते धो धो आत यायला लागलं. प्रकाशनं सासूबाईंच्या मांडीवरचा डबा घेतला, वड्या शोभाच्या पदरात ओतल्या आणि उपसायला लागला. उपसता उपसता थांबला.

"भाऊजी, हे भोक कायचं?"

"कुठलं?"

"हे मागचं. गोल. आत आटे हाये."

मी वाकून पाहिलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं कपाट आलं.

"बोला ना भाऊजी! काय लागते याच्यात?"

मी टोपी काढली आणि भोकावर दाबली. ती पाण्याच्या जोरानं उसळून धरणात निघून गेली. तेवढ्यात सासूबाई उठल्या. पाण्याला जन्मभर भ्यालेली ती बाई लुगडं सावरत मागे आली, मागच्या फळीवर बसली आणि आपली टाच त्या भोकावर घट्ट दाबून धरली. पाणी थांबलं!

"आता ओरडा कोणी तरी," त्या म्हणाल्या.

पुढची वीस मिनिटं मी सासूबाईंच्या पायाशी बसून, त्यांची टाच हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून होतो. शेवटी धरणात मासे धरणारे किसनभाऊ आपला डोंगा वल्हवत आले. त्यांनी वाकून पाहिलं.

"साहेब, बूच कुठं हाय?"

"घरी. कपाटात."

"कपाटात कायले?" प्रकाश.

"सांभाळून ठेवलं होतं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"भाऊजी, तुम्ही जहाजावर होते ना?"

"गोदामात होतो," मी म्हणालो. "कांबळी मोजायचो." शोभा पदरातल्या वड्या मोजायला लागली. तिला ठाऊक होतं. पण हळदीकुंकवाला बायका तिला 'कॅप्टनीणबाई' म्हणायच्या, म्हणून तीही गप्पच राहिली होती.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग मले काऊन नाई सांगतलं? मी तर तुमच्या भरोशावर बसली."

मी खाली पाहिलं. माझ्या हातात त्यांची टाच होती, पाण्यानं पांढरी आणि सुरकुतलेली. आयुष्यात इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. "चुकलो, आई," एवढंच तोंडातून निघालं.

"धरा नीट," त्या म्हणाल्या. "सटकून राहिली."

पुढच्या आठवड्यात नागपूरला बोट बदलायला शोभा, सासूबाई आणि किसनभाऊ गेले. मी पिशव्या धरून दाराशी उभा होतो. सासूबाईंनी सपाट बोटीभोवती एक चक्कर मारली आणि विक्रेत्याला पहिलाच प्रश्न विचारला, "याच्या बुडाले भोक हाय का? आन् असलं तर बूच आत्ता लावून दाखवा." बावीस वर्षांत मला न सुचलेला प्रश्न!

पहिल्या फेरीला प्रकाशनं रिकामे क्रेट चढवले. किसनभाऊ इंजिनापाशी बसले. दांडा धरून सासूबाई, शेजारी शोभा. मी पाय टाकणार तेवढ्यात किसनभाऊंनी पाण्याची पातळी पाहिली.

"एक जण जास्त होऊन राहिला जी."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी मुकाट्यानं मागे सरलो, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि बोटीला धक्का दिला. एक चप्पल गाळातच राहिली. बोट एकही हिसका न खाता, कुठेही न अडकता, थेट सासूबाईंच्या बागेला लागली.

साहजिकच आहे. मी तिच्यात नव्हतो!